एसएलव्ही-३ चव्वेचाळीस सेंटिमीटरमध्ये: कागदाची उडणारी प्रतिकृती

१८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या भारतीय रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. रॉकेट २२ मीटर उंच, वजन १७ टन, पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या टप्प्याची जाडी (व्यास) १ मीटर, त्यावरचा भाग साधारण ०.८ मीटरचा. प्रतिकृती करणाऱ्याला हे आकडे फारच सोयीचे पडतात. सगळ्याला ५०ने भागलं की उंची ४४ सेंटिमीटर, खालची जाडी २० मिलिमीटर आणि वरची १६. वायरिंगच्या कामात वापरतात तो २० एमएमचा पीव्हीसी पाइप बाहेरून बरोबर २० मिलिमीटर असतो, आणि गरम पाण्याच्या लाइनचा अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून १५.९ मिलिमीटर. म्हणजे कागद गुंडाळायचे दोन्ही साचे हार्डवेअरच्या दुकानात तयारच आहेत. इतकं सरळ जमून येणारं दुसरं भारतीय रॉकेट शोधावंच लागेल.

हे रॉकेट उडणार हवेच्या दाबावर. कोल्ड्रिंकच्या २ लिटरच्या बाटलीवर पाय मारायचा, हवा पाइपमधून धावते आणि पाइपवर टोपीसारखं बसवलेलं कागदी रॉकेट वर फेकलं जातं. फटाक्यांची दारू काढून किंवा घरी मिश्रण कालवून इंधन करायच्या भानगडीत कुणीही पडू नये. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं १८८४च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी असं मिश्रण चोळताना किंवा ठासताना हातातच पेटतं. अमेरिकेत मॉडेल रॉकेटचा छंद वाढला तोही कारखान्यात बनलेल्या, मोजून-मापून भरलेल्या इंजिनांवर. घरच्या दारूने होणारे अपघात टाळणं हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

आकार छोटा होतो, वजन त्याहून कितीतरी जास्त घटतं

लांबी ५० पट कमी केली की पृष्ठभाग २,५०० पट कमी होतो आणि घनफळ १,२५,००० पट. खऱ्या रॉकेटचे १७ टन या हिशेबाने १३६ ग्रॅमवर येतात. आपलं रॉकेट मात्र भरेल जेमतेम १२ ग्रॅम, कारण त्यात इंधनच नाही. खऱ्या एसएलव्ही-३च्या वजनात बहुतेक वाटा घन इंधनाचा होता.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा. खऱ्या रॉकेटला दिशा सांभाळणारी यंत्रणा होती. पहिल्या टप्प्यात नोझलमध्ये, म्हणजे ज्वाळा बाहेर पडते त्या तोंडात, बाजूने द्रव सोडून ज्वाळेचा झोत वळवला जाई, शिवाय पंखांची टोकं हलती होती. ही यंत्रणा बिघडली तर काय होतं ते १० ऑगस्ट १९७९च्या पहिल्या उड्डाणात दिसलं: दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप (व्हॉल्व्ह) नीट चालली नाही आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. कागदी रॉकेटात सुकाणू धरायला कुणीच नाही. पाइप सुटल्यावर ते सरळ जाईल की कोलांट्या खाईल, हे वजन कुठे आहे आणि वारा कुठे ढकलतो या दोन गोष्टींवर आधीच ठरलेलं असतं. त्याकडे पुढे येऊच. आधी नळ्या.

नळ्या गुंडाळणं

८० जीएसएमचे (चौरस मीटरला ८० ग्रॅम) साधे ए-४ कागद लागतील. कागदाला धागा असतो, कापडासारखाच. धाग्याच्या दिशेला समांतर असलेल्या अक्षाभोवती कागद गुपचूप वळतो; उलट दिशेने वळवला तर जागोजागी मोडतो आणि नळीला कंगोरे येतात. झेरॉक्सच्या कागदात धागा बहुधा लांब बाजूने असतो. खात्री हवी तर बोटभर तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या रेषेभोवती गुंडाळी घेतो ती धाग्याची दिशा.

खालच्या नळीसाठी २०० बाय १३५ मिलिमीटरचा तुकडा कापा, २०० ही बाजू धाग्याच्या दिशेने. २० एमएमच्या पाइपवर आधी कोऱ्या कागदाचा एक वेढा डिंक न लावता गुंडाळा आणि त्यावर नळी वळा. तुकडा दोन वेढे भरून ७-८ मिलिमीटर उरेल इतका आहे. पहिला वेढा कोरडा जाऊ द्या, मग उरलेल्या भागावर पांढऱ्या डिंकाचा बोटाने पातळ हात फिरवा. पातळ म्हणजे कागदाचा रंग डिंकातून दिसला पाहिजे. जाड थर लावला की त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि सुकताना नळी केळ्यासारखी वाकते. दहा मिनिटांनी नळी पाइपवरून काढा, मग आतला कोरडा कागद ओढून घ्या. त्या एका वेढ्यामुळे चारी बाजूंनी ०.१ मिलिमीटर मोकळीक राहते.

ही मोकळीक पारखायची रीत सोपी आहे. पाइप उभा धरा आणि नळी वरून सोडा. स्वतःच्या वजनाने सावकाश सरकत खाली आली तर बरोबर. बोटाने ढकलावी लागली तर घट्ट आहे, उड्डाणाचा जोर घासण्यात जाईल. धपकन पडली तर ढिली, हवा कडेने निसटेल. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काल बरोबर बसणारी नळी आज अडकते, कारण कागद हवेतली ओल पितो. अशा दिवसांत आत एकाऐवजी दोन कोरडे वेढे घ्या.

वरच्या नळीचा तुकडा १९० बाय ११० मिलिमीटर, कृती तीच, साचा सीपीव्हीसीचा. रंगरेषा काढायच्या असतील तर गुंडाळण्याआधी, कागद सपाट असताना मार्करने काढा. पोस्टर कलरचं पाणी गुंडाळलेल्या नळीला हमखास वाकवतं.

दोन जाड्यांचा सांधा

सगळ्यात जास्त रॉकेटं इथेच मोडतात. पाय पडतो तेव्हा हवा खालच्या नळीच्या वरच्या टोकाला आतून धडक देते. तिथला अडसर कच्चा असेल तर खालची नळी पाइपवरच राहते आणि वरचा तुकडा एकटाच उडतो. टप्पा वेगळा झाला म्हणून मुलं टाळ्या वाजवतात, पण रॉकेट फुकट गेलेलं असतं.

वरच्या नळीचं खालचं टोक १२ मिलिमीटर खालच्या नळीत शिरायला हवं. एकीची बाहेरची जाडी १६.५, दुसरीची आतली २०.२, मधली फट भरायला १२ मिलिमीटर रुंद कागदी पट्टी वेढून कडं करायचं. हिशेबाने साधारण १८ वेढे लागतात, म्हणजे १ मीटरच्या आसपास पट्टी: ए-४च्या लांबीच्या साडेतीन पट्ट्या. प्रत्येक वेढ्याला डिंक लावत घट्ट ओढा. कडं खालच्या नळीत किंचित जोर लावून बसलं पाहिजे. बसवण्याआधी त्याच्या तळावर २० मिलिमीटर व्यासाच्या जाड कार्डाच्या दोन चकत्या एकमेकींवर चिकटवा. जुन्या लग्नपत्रिकेचं कार्ड यासाठी उत्तम: जाड, ताठ आणि घरोघरी पडलेलं. चकतीच्या कडेने बोटाने डिंकाची कड भरा आणि रात्रभर सुकू द्या. तासाभरात सुकलेलं दिसतं, पण आतलं कडं ओलंच असतं.

सांध्यावर बाहेरून उतरता शंकू बसवायचा, २०.५ वरून १६.५ मिलिमीटरवर १५ मिलिमीटर उंचीत येणारा. त्याचा सपाट आराखडा म्हणजे ७७.५ मिलिमीटर त्रिज्येचा आणि ६२.४ मिलिमीटर त्रिज्येचा असे दोन कंस, ४८ अंशांत, शिवाय चिकटवायला ५ मिलिमीटरची जादा पट्टी. नाकाचा शंकू ६० मिलिमीटर उंच आणि तळाशी १६.५, त्यासाठी ६०.५ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून त्यातली ४९ अंशांची फाक कापा. कोनाचं सूत्र एकच: तळाची त्रिज्या भागिले तिरकी उंची, गुणिले ३६०. नाकं तीन-चार करून ठेवा. परतताना रॉकेट नाकावर पडतं आणि नाक चेमटतं. चेमटलेलं नाक जोर शोषून घेतं म्हणून नळी वाचते, त्यामुळे ते मजबूत करायच्या फंदात पडू नका. टोक मात्र ४-५ मिलिमीटर कापून, नाकात पुढे भरायची आहे त्या प्लॅस्टिसिनने (मुलांच्या खेळातली मऊ माती) गोलसर करा. अणकुचीदार नाकाचं रॉकेट डोळ्यात गेलं तर १२ ग्रॅमही पुरतात.

पंख

मूळ रॉकेटच्या तळाशी चार पंख होते. त्यांचा नेमका आकार छायाचित्रावरून काढता येतो. बाजूने घेतलेला फोटो छापा, त्यातली पहिल्या टप्प्याची जाडी पट्टीने मोजा. ती १ मीटर हे माहीत आहे, मग बाकी सगळी मापं त्रैराशिकाने निघतात. सुरुवातीला मात्र नळीकडची बाजू ४०, बाहेरची २० आणि रुंदी २५ मिलिमीटर एवढे पंख ठेवा, मागची कड सरळ.

पंख पत्रिकेच्याच कार्डाचे, पण धागा पंखाच्या रुंदीच्या दिशेने, नळीपासून बाहेर जाणारा. उलटा कापलेला पंख झटक्यात नळीजवळच दुमडतो. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ खूण करा (६५ मिलिमीटरच्या आतबाहेर येईल), ती चार घड्यांत दुमडा आणि खुणा नळीवर उतरवा. मग नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवून खुणेतून सरळ उभी रेघ ओढा. डोळ्याने मारलेली रेघ हमखास तिरपी जाते. पंख चिकटल्यावर दोन्ही बाजूंच्या कोनांत डिंकाची बारीक कड फिरवा. पंखाची खरी ताकद त्या कडेत असते. एक गोष्ट हमखास विसरते: पंख लावताना नळीत पाइप घालून ठेवायचा, नाहीतर बोटांच्या दाबाने नळी लंबगोल होते. आणि डिंक ओला असताना पाइप एकदा गोल फिरवून घ्यायचा, म्हणजे नळी त्याला चिकटून बसणार नाही.

दोन ठिपके

तयार रॉकेट बोटावर आडवं तोला. जिथे तोललं जातं तो गुरुत्वमध्य. आता रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती, दोन पंखांसकट, पुठ्ठ्यावर काढून कापा आणि तो पुठ्ठा तोला. हा दुसरा ठिपका म्हणजे वारा पूर्ण बाजूने आदळला तर त्याचा जोर जिथे एकवटतो ते दाबकेंद्र. रॉकेट हवेत गुरुत्वमध्याभोवती फिरतं. दाबकेंद्र त्याच्या मागे असेल तर वारा शेपूट मागे ढकलतो आणि नाक पुढे येतं, पतंगाच्या शेपटीसारखं. पुढे असेल तर वारा नाकालाच मागे लोटतो आणि कोलांटी होते.

वर दिलेल्या मापांचं रॉकेट नाकात काही न भरता केलं, तर नाकापासून मोजलेला गुरुत्वमध्य साधारण २७४ मिलिमीटरवर येतो आणि पुठ्ठ्याचं दाबकेंद्र २७५वर. दोन्ही ठिपके एकाच जागी. नाकात ३ ग्रॅम प्लॅस्टिसिन भरलं की गुरुत्वमध्य २१०च्या आसपास सरकतो आणि दोघांत ६५ मिलिमीटर, म्हणजे तीन जाड्यांएवढं अंतर पडतं. हौशी मंडळींचा नियम किमान एक जाडीचा आहे. तुमच्या डिंकाच्या हातावर आकडे थोडे हलतील, पण माती भरण्याआधी आणि नंतर बोटावर तोलून बघाच. तीन ग्रॅमनी ठिपका इतका सरकतो हे हाताला जाणवलं की बाकीचं आपोआप कळतं.

पुठ्ठ्याची पद्धत मुद्दाम कडक आहे. प्रत्यक्षात रॉकेट वाऱ्याला पूर्ण आडवं कधीच नसतं, चार-दहा अंश तिरकं असतं, आणि अशा लहान कोनात सडपातळ नळीवर वाऱ्याचा फारसा जोर लागत नाही, पंखांवरच लागतो. म्हणून खरं दाबकेंद्र शेपटीकडे बरंच मागे असतं. ते मोजायची नेमकी पद्धत नासाचे अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात हौशी लोकांसाठी सोपी करून दिली आणि आजची संगणक प्रणालीही तीच वापरते. तेव्हा पुठ्ठ्याच्या परीक्षेत पास झालेलं रॉकेट सरळ जाणारच, इतकं धरून चाला.

पण यात एक गोम आहे. पंख मोठे करून शेपूट फार भारदस्त केली, तर रॉकेट वातकुक्कुटासारखं वागतं: पाइप सोडताच नाक वाऱ्याकडे वळवतं आणि वर जाण्याऐवजी वाऱ्यावर आडवं धावतं. मुलांना मोठे पंख आवडतात. वाऱ्याच्या दिवशी तीच रॉकेटं शेजारच्या गच्चीवर जातात.

पाइप, बाटली आणि पाय

उड्डाणाचा पाइप उभा ३० सेंटिमीटर, तळाशी एक बेंड, तिथून आडवा पाइप दीड मीटर, शेवटी बाटली. सांधे पीव्हीसी सोल्युशनने पक्के करा. बाटलीचं तोंड आतून साधारण २१.७ मिलिमीटर असतं, म्हणून २० एमएमच्या पाइपवर इन्सुलेशन टेपचे ६-७ वेढे दिले की तो गच्च बसतो. वरून रुंद टेप आवळा. बाटली गॅसवाल्या कोल्ड्रिंकचीच घ्या. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दुसऱ्या-तिसऱ्या लाथेत फाटते. उभा पाइप फूटभर फळीवर सॅडल (पाइप धरून ठेवणारी पट्टी) मारून घट्ट करा आणि माणसांच्या विरुद्ध दिशेला पाचेक अंश कलवा.

गळती बघायची तर उभ्या पाइपच्या तोंडावर तळवा धरून दुसऱ्याला बाटली हलकेच दाबायला सांगा. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की फुगे चोरी सांगतात. रॉकेट पाच फुटांवरच लोळण घेत असेल तर दहातले आठ वेळा दोष रॉकेटचा नसतो, बाटलीच्या मानेशी हवा सुटत असते.

थोडा हिशेब. साधारण ४० किलोच्या मुलाने जोरात पाय मारला आणि पाइपमध्ये ३० किलोपास्कल जादा दाब आला असं धरू. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या हा सातव्या भागाइतका. चकतीचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून जोर सुमारे ९.४ न्यूटन. तो १८.५ सेंटिमीटरपर्यंत लागतो, कारण तेवढ्यात रॉकेट पाइपवरून सुटतं. ऊर्जा १.७ ज्यूल, १२ ग्रॅमला वेग सेकंदाला १७ मीटर, आणि हवा नसती तर उंची १४-१५ मीटर. गळती आणि हवेचा अडथळा धरून १० मीटर मिळाले तर काम उत्तम झालं समजा. गंमत त्या १८.५ सेंटिमीटरमध्ये आहे: तेवढ्यात रॉकेट गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ८० पट त्वरण घेतं, सेकंदाच्या पंचेचाळिसाव्या भागात. रात्रभर सुकवलेल्या डिंकाची कसोटी तिथेच लागते.

प्रत्येक उडीनंतर बाटली परत फुगवावी लागते. पाइपला तोंड लावू नका. चिलीम धरल्यासारखी मूठ पाइपच्या तोंडावर वळवा आणि मुठीतून फुंका. फुंकताना रॉकेट पाइपवर नको आणि बाटलीजवळ कुणाचा पाय नको. उडवताना पाइपवर कुणी वाकायचं नाही, जवळच्यांनी चष्मा किंवा गॉगल घालायचा. जागा मोकळं मैदान, विजेच्या तारांपासून लांब, वेळ सकाळची, वारा उठण्याआधी. गच्ची नको, वर बघत मागे सरकणाऱ्या मुलांना कठडा दिसत नाही.

उंची मोजायला कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि टोकाला नट बांधा. पाइपपासून मोजून २० मीटर लांब उभं राहा, रॉकेट सर्वांत वर पोचलं की कोनमापकाच्या सरळ कडेवरून त्यावर नेम धरा आणि दोरा बोटाने दाबून धरा. दोरा ९० अंशांपासून जितका सरकला तो कोन. समजा ३० अंश आला: ३०चा टॅन ०.५८, गुणिले २० म्हणजे ११.५ मीटर, त्यात डोळ्यांची उंची १.४ मिळवा, झाले जवळपास १३. एकाच्या मापात एक-दोन मीटर इकडेतिकडे होतात, म्हणून पाइपच्या दोन बाजूंना दोघांनी उभं राहून सरासरी काढावी. मग नाकातली माती एकेक ग्रॅमने कमी-जास्त करत उडवून बघा. फार हलकं रॉकेट पाइप सोडताना वेगवान असतं, पण हवा त्याला पिसासारखं अडवते. फार जड केलं तर मुळात वेगच घेत नाही. सर्वांत उंच जाणारं वजन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं आणि ते तुमच्या बाटलीनुसार आणि पायानुसार बदलतं.